ऐकून घेण्याचं दशक

गेल्या महिन्यात एका संस्थेनं रुग्णांच्या अनुभवांवरचा अहवाल अभिप्रायासाठी पाठवला. मुलाखती माणसांनी घेतलेल्या, पण त्या वाचल्या सॉफ्टवेअरनं. ‘प्रतीक्षा’, ‘खर्च’, ‘समाधान’ असे रंगीत चौकोन, आणि प्रत्येकात कुणा बाईचं अर्धं वाक्य. मला ते फार लागलं. रुग्णांचं ऐकून घेण्याचं हे काम महाराष्ट्रात कसं उभं राहिलं, ते मी जवळून पाहिलंय.

नव्वदच्या दशकाआधीची वर्षं खानेसुमारीची. त्यांत रेंगाळण्यासारखं काही नाही. १९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. मग इतकी वर्षं या बायका दवाखान्यात का गेल्या नाहीत? नव्वदचं दशक आम्ही या प्रश्नापायी गावोगाव फिरलो.

क्षयाच्या रुग्णांबाबतही असाच प्रश्न असायचा. त्यांच्याकडे जायचो तेव्हा सरकारी नोंदवहीत एवढंच असायचं: उपचार सोडले. घरी गेलं की नवी सून गोळ्या डाळीच्या डब्यात लपवताना दिसायची; सासरी कळलं तर माहेरी धाडतील. सासू शेजारी बसलेली असेतो ती ‘बरं आहे’ म्हणायची. सासू पाण्याला गेली, टेप बंद झाला, की खरं बोलणं सुरू. रात्री कंदिलाशी बसून ते आठवून उतरवायचं. एका तासाच्या कॅसेटला अख्खा दिवस जायचा, पण दुसऱ्यांदा ऐकताना तिचं थांबणंही कळायचं.

१९९४ मध्ये ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था सुरू झाली. तिथल्या मनीषा गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भपाताबद्दल ग्रामीण बायकांशी बोलून केलेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही, असं १९७१ चा कायदा म्हणतो. दवाखाने मात्र त्याची सही मागत. ही अडवणूक बायकांना विचारल्याशिवाय कुठल्या तक्त्यात येणार होती?

तरी वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक विचारायचे, ‘नमुना किती? या किश्श्यांचं करायचं काय?’ तो उद्दामपणा मी विसरलेले नाही. २०१६ मध्येही ११ देशांतल्या ७६ अभ्यासकांना ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला जाहीर पत्र लिहून असल्या संशोधनाला जागा मागावी लागली.

आता जागा मिळते, ऐकायला मात्र कुणाला वेळ नाही. अहवाल मी परत पाठवलाय: सगळ्या मुलाखती माणसानं पूर्ण ऐकाव्यात, शेजारी कोण बसलं होतं ते लिहावं. तोवर माझा अभिप्राय मिळणार नाही.