वस्तुमान, हवा आणि पतनाचा वेग : प्रात्यक्षिकातील एका निरीक्षणाची मीमांसा

प्रस्तावना

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते काय, या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर विद्यार्थी शाळेतच पाठ करून महाविद्यालयात येतो. परंतु पोलादपूर-महाड परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून निरनिराळ्या वजनांचे दोन चेंडू त्याने स्वतः सोडून पाहिले, तर जड चेंडू अगोदर पोहोचलेला त्याला दिसण्याची शक्यता पुष्कळ असते. अशा वेळी प्रात्यक्षिक वहीत बहुधा पुस्तकातील उत्तरच उतरते. निरीक्षण खोडले जाते आणि निष्कर्ष तेवढा शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात या खोडल्या जाणाऱ्या निरीक्षणाचा विचार केला आहे, कारण ते चुकीचे नसते.

दोन चेंडू, दोन उंची

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा व २.७ ग्रॅम वस्तुमानाचा असतो. तसाच दुसरा चेंडू घेऊन त्यात इंजेक्शनच्या सुईने पाणी भरावे व छिद्र मेणाने बुजवावे. त्याचे वस्तुमान सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या तेरापट होते. बाहेरील आकार व पृष्ठभाग मात्र तोच राहतो. क्रिकेटचा चेंडू व कागदाचा बोळा यांची तुलना करताना आकार आणि वस्तुमान दोन्ही एकदम बदलतात, म्हणून तो प्रयोग फारसे काही सिद्ध करीत नाही.

गोलाचा रोधगुणांक ०.४५ धरून गणित केल्यास, १ मीटर उंचीवरून दोन्ही चेंडूंना खाली येण्यास सुमारे ०.४५ सेकंद लागतात. त्यांतील फरक सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असल्याने डोळ्यांना ते बरोबरच पडलेले दिसतात. आता तेच चेंडू तिसऱ्या मजल्यावरून, १० मीटर उंचीवरून सोडावेत. पाण्याने भरलेला चेंडू सुमारे १.४५ सेकंदांत पोहोचतो, तर रिकाम्याला जवळजवळ १.७३ सेकंद लागतात. पाव सेकंदाहून अधिक असलेला हा फरक वर्गातील शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही दिसतो. अर्थात बटण दाबण्याच्या घड्याळावर विसंबू नये. माणसाच्या प्रतिसादालाच सुमारे ०.२ सेकंद जातात. मोबाइलवरील चित्रण एकेक चौकट पुढे सरकवून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. भरलेला चेंडू फुटू नये म्हणून खाली वाळू पसरावी.

वस्तुमान तेरापट झाल्यास पृथ्वीचे आकर्षणही तेरापट होते, परंतु वस्तूला गती देण्यास लागणारे बलही तेरापटच वाढते. त्यामुळे केवळ गुरुत्वामुळे मिळणारे त्वरण दोघांचे सारखेच असते. हवेचा रोध मात्र आकार आणि वेग यांवर ठरतो. त्याला आतील पाण्याचे वजन ठाऊक नसते. समान वेगाला दोन्ही चेंडूंवर तेवढाच रोध येतो आणि तो हलक्या चेंडूला अधिक अडवतो. कमी उंचीवर वेगच अल्प असल्याने हा परिणाम लपून राहतो.

गॅलिलिओची कबुली

पिसाच्या मनोऱ्याची कथा गॅलिलिओच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून आली असून तिच्या सत्यतेविषयी इतिहासकारांना शंका आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या विज्ञानांवरील ग्रंथात मात्र, मोठा गोळा लहानाच्या दोन बोटे पुढे असतो, हे गॅलिलिओने मोकळेपणाने मान्य केले आहे. हा फरक त्याने लपविला नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, अॅरिस्टॉटलच्या मतानुसार जेवढा फरक पडावयास हवा होता, त्यापुढे दोन बोटे नगण्य आहेत. आपल्या वह्यांतून नेमकी ही दोन बोटेच वगळली जातात.

पोलादपूरचा पाऊस

याच प्रश्नाचे मोठे प्रात्यक्षिक येथे दर पावसाळ्यात होत असते. हवा नसती, तर दोन किलोमीटर उंचीवरून निघालेला थेंब सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने लावणीच्या कोवळ्या रोपांवर आदळला असता. प्रत्यक्षात १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर, तर ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर वेगाने उतरतो. दुसऱ्याचे वस्तुमान १२५ पट असूनही वेग सव्वादोन पटच वाढतो. पण वाढतो, हे महत्त्वाचे.

आंबेनळी घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या महाबळेश्वरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१२ साली ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाच्या थेंबांचे आकार मोजणारे डिस्ड्रोमीटर हे यंत्र तेथे वापरले गेले आहे. आघातावर चालणाऱ्या प्रकारात थेंबाच्या धक्क्यावरून त्याचा आकार काढतात. मोठा थेंब किती अधिक वेगाने पडतो हे आधीच ठाऊक असल्यामुळेच हे शक्य होते.

हवा वगळल्यास

हवा नसलेल्या चंद्रावर १९७१ साली अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा व पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही बरोबर पडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामनाथ कौसिक व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे, जमिनीखालील प्रयोगशाळेत, पिळाच्या तराजूने एक अधिक सूक्ष्म प्रश्न तपासला. पदार्थाच्या घडणीनुसार आकर्षण बदलते काय, हा तो प्रश्न. असा बदल त्यांना आढळला नाही. २०१६ साली सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम व प्लॅटिनम यांच्या पतनाची तुलना केली. २०२२ मधील अंतिम निष्कर्षांनुसार, एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत मोजक्या भागांएवढ्या अचूकतेपर्यंत फरक दिसला नाही.

वर्गासाठी एक सूचना

सुई-मेणाचा खटाटोप नको असल्यास कागदी द्रोण पुरेसे आहेत. एक, दोन, तीन, चार असे द्रोण एकात एक घालून ते उताणे सोडावेत. आकार जवळजवळ तोच राहतो, वस्तुमान मात्र पटीत वाढते, आणि थोड्याच अंतरात त्यांचा वेग स्थिर होतो. या स्थिर वेगाचा वर्ग द्रोणांच्या संख्येसमोर मांडल्यास आलेख सरळ रेषेच्या जवळ येतो, आणि चार द्रोण एकट्या द्रोणाच्या सुमारे दुप्पट वेगाने उतरतात.