खदिरसार आणि मास स्पेक्ट्रोमेट्री : भार समान, ठेवण भिन्न

चरकाचार्यांनी कुष्ठघ्न द्रव्यांत खदिरास अग्रस्थान दिले आहे. भंडारा जिल्ह्यातील पानझडी वनांतला खैर आपणा सर्व वैद्यांच्या परिचयाचाच आहे. त्याच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून व तो काढा आटवून कात सिद्ध होतो. त्यातील प्रमुख घटक कॅटेचिन होय. त्याच्या सोबतीस एपिकॅटेचिनही आढळते.

या दोहोंत १५ कार्बन, १४ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू असून रेणुभार २९० आहे. भेद केवळ ठेवणीचा. मधल्या वलयाच्या दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनवरील गट कॅटेचिनमध्ये परस्परविरुद्ध बाजूंस, तर एपिकॅटेचिनमध्ये एकाच बाजूस असतात.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणूस प्रोटॉन जोडून २९१ भाराचा आयन होतो व तो आदळवून फोडला जातो. ठेवणीचा परिणाम येथे काही वेळा स्पष्ट दिसतो. सायक्लोहेक्झेनच्या वलयावर पहिल्या व तिसऱ्या स्थानी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूस असल्यास प्रोटॉन दोहोंमध्ये सेतूप्रमाणे धरला जातो व आयन टिकतो. ते विरुद्ध बाजूंस असल्यास पाण्याचा रेणू सहज निसटतो.

कॅटेचिनची कथा निराळी आहे. दोन्ही रेणूंचे मधले वलय तुटून १३९ भाराचा तुकडा मिळतो. या तुकड्यात ते दोन कार्बन नसतातच. ते दुसऱ्या तुकड्यात जातात व तेथे दुहेरी बंध होऊन ठेवणीची खूणच पुसली जाते. म्हणून दोहोंचे आलेख जवळजवळ सारखे दिसतात. आरशातील प्रतिबिंबासारख्या रेणूंचे आलेख तर सामान्य परीक्षेत एकरूपच येतात.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. जलात दीर्घकाळ उष्णता दिल्यास दुसऱ्या कार्बनवरील ठेवण पालटू शकते. क्वाथ व खदिरसार तर अग्निसंस्कारानेच सिद्ध होतात! संस्कारो हि गुणान्तराधानम् हे आपले सूत्र येथे रेणूच्या पातळीवर विचारार्ह ठरते.

यास्तव वैद्यबंधूंना आमचे नम्र निवेदन आहे की, विश्लेषण अहवालात २९१ हा आकडा दिसताच समाधान मानू नये. प्रमाण नमुन्यांसह क्रोमॅटोग्राफीने दोन्ही घटक वेगळे केले आहेत काय, हे अवश्य पाहावे. प्रतिबिंबरूपांसाठी कायरल स्तंभाची परीक्षा मागावी. द्रव्याची ओळख केवळ भारावरून निश्चित होत नाही.