हौशी, व्यावसायिक आणि बफेलोचा एक हंगाम

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांचा समावेश मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्राने क्रिकेट १२८ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतत असल्याचा मोठा मथळा दिला. ते योग्यच होते. बातमीच्या शेपटाला उरलेल्या चार खेळांची नावे होती. बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि स्क्वॉश ही नावे कधीतरी कानावरून गेली होती. चौथे नाव होते लॅक्रॉस. ते कात्रण मी वहीत चिकटवले आणि पुढची दीड-दोन वर्षे त्याच नावाच्या मागे लागलो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सांगलीत एका बँकेत कारकुनी केली आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला गेलो. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या संस्थेबरोबर वीसेक वर्षे प्रकाशयोजना सांभाळली. त्या स्पर्धेच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द आहे आणि तो आम्ही अभिमानाने मिरवत आलो. हौशी म्हणजे नाटकावर पोट नसलेला, पण जीव असलेला माणूस. लॅक्रॉसचा इतिहास वाचताना याच शब्दापाशी मी अडखळलो. तिथे ‘हौशी’ हा शब्द काही माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला होता.

आधी खेळाविषयी. उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी राष्ट्रे तो शतकानुशतके खेळत आली आहेत. आजच्या न्यूयॉर्क राज्यातील आणि शेजारच्या कॅनडातील हौडेनोशोनी हे त्यांपैकी एक. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ. इंग्रज-फ्रेंचांनी त्यांना इरोक्वॉ म्हटले. त्यांच्या दृष्टीने हा खेळ निर्मात्याने दिलेला आहे. तो त्याच्या आनंदासाठी खेळायचा आणि कोणी आजारी असेल तर औषध म्हणूनही खेळायचा. हिकरीचे लाकूड वाफवून, वाकवून काठी करायची, तिच्या वळणात चामड्याची जाळी विणायची आणि त्या जाळीत चेंडू झेलत, फेकत पळायचे. ‘ला क्रॉस’ हे नाव फ्रेंचांनी दिलेले.

१८६०च्या दशकात माँट्रियलमधील विल्यम जॉर्ज बीअर्स या दंतवैद्याने या खेळाचे नियम लिहिले, मैदान आखले, खेळाडूंची संख्या ठरवली. १८६७मध्ये कॅनडात राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मोहॉक खेळाडूंना घेऊन इंग्लंडचे दौरे झाले आणि १८७६मध्ये विंडसरला व्हिक्टोरिया राणीने हा खेळ पाहिला. दौऱ्यांत गोरे खेळाडू ‘सद्गृहस्थ’ म्हणून मिरवत, तर मोहॉक खेळाडू पिसे आणि मणी घालून प्रेक्षणीय वस्तू म्हणून उभे राहत. तरी खेळात गोऱ्या संघांना सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी तेच होते.

मग आला १८८०चा निर्णय. संघटनेने आपल्या नावात ‘हौशी’ हा शब्द घातला आणि पैसे घेणाऱ्या खेळाडूंना स्पर्धा बंद केल्या. आदिवासी संघ प्रवासखर्चासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी पैसे घेत असत. माँट्रियलच्या वकिलाला किंवा व्यापाऱ्याला शनिवारी खेळायला जाणे परवडत होते, कानावागेच्या मजुराला परवडत नव्हते. नियमात कोणाच्या वंशाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही. ज्यांचा खेळ, तेच ‘व्यावसायिक’ ठरून अजिंक्यपदाच्या बाहेर गेले.

आता बंदिस्त खेळाकडे येतो, कारण परतीचा रस्ता तिथून निघाला. १९३१मध्ये माँट्रियलच्या हॉकी संघाच्या मालकांपुढे एक साधा प्रश्न होता. उन्हाळ्यात बर्फ नसताना रिकाम्या पडणाऱ्या हॉकीच्या सभागृहांचे करायचे काय? त्यांनी मैदानी लॅक्रॉस आत आणले. चारही बाजूंना लाकडी कठडे असल्याने चेंडू बाहेर जात नाही, खेळ थांबत नाही आणि अंगावर येणारा धक्का चुकवायला जागा नसते. याला ‘बॉक्स लॅक्रॉस’ म्हणतात. त्यांची व्यावसायिक लीग लवकरच बुडाली, पण खेळ टिकला. ओंटारिओच्या गावांत आणि हौडेनोशोनी वस्त्यांत तो घरचा झाला. ‘लोन रेंजर’मधील टोंटो म्हणून जगाला माहीत असलेले जे सिल्व्हरहील्स हे ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स वस्तीचे. अभिनयाआधी, १९३०च्या दशकात, ते हॅरी स्मिथ या नावाने हाच बंदिस्त खेळ खेळत होते.

आज या खेळात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक आत असतात. पंधरा मिनिटांचे चार भाग होतात. चेंडू ताब्यात आल्यावर ३० सेकंदांत गोलवर मारावा लागतो. गोल जेमतेम चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद, आणि त्यात जाडजूड कवच घातलेला गोलरक्षक. म्हणजे दिसायला फटीच उरतात. मैदानी खेळात लांबून जोरात फेकणारा चमकतो. इथे मात्र दोन माणसे अंगाला लगटलेली असताना काठी न डगमगू देणारा, पाठीमागून चेंडू टाकणारा, खोटा हात दाखवणारा चमकतो. हा फरक लक्षात ठेवला तर बफेलोचा हंगाम उलगडतो.

१९८७मध्ये अमेरिकेत चार संघांची बंदिस्त लॅक्रॉसची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. ती हिवाळ्यात, हॉकीच्या संघांना सामना नसेल त्या रात्री, बर्फावर फळ्या आणि त्यांवर हिरवा गालिचा अंथरून चालत असे. म्हणजे हॉकीच्या घरातला भाडेकरूच. सुरुवातीचे बहुतेक खेळाडू अमेरिकन महाविद्यालयांतून आलेले, मोकळ्या मैदानावर वाढलेले होते. १९९२मध्ये या लीगमध्ये बफेलो बँडिट्स हा संघ आला.

बफेलो हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचे, ईरी सरोवराकाठचे शहर. पोलाद आणि धान्याची कोठारे यांवर ते वाढले. शेजारच्या लॅकवॉनातील पोलाद कारखान्याचा मोठा भाग १९८३मध्ये बंद पडला. शहराचा बराचसा दक्षिण भाग एकेकाळी सेनेका राष्ट्राच्या बफेलो क्रीक राखीव प्रदेशात होता. नदीचा पूल ओलांडला की ओंटारिओ. उत्तरेला नायगाऱ्याजवळ टस्करोरा वस्ती, दक्षिणेला सेनेकांची. बंदिस्त लॅक्रॉस अंगात भिनलेली माणसे गाडीच्या टप्प्यात राहत होती. प्रशिक्षक लेस बार्टली यांनी संघ उभा केला तो प्रामुख्याने ओंटारिओच्या आणि हौडेनोशोनी खेळाडूंचा. त्यांत टोरोंटोचा जॉन टव्हारेस होता आणि टस्करोरांचे किलगूर बंधू, रिच आणि डॅरिस, होते.

पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी फिलाडेल्फिया विंग्जला त्यांच्याच घरात जादा वेळेत ११-१० असे हरवले. १९९३च्या नियमित हंगामात आठ सामने होते, आठही जिंकले. बाद फेरीचा सामना जिंकला. अंतिम फेरीत पुन्हा फिलाडेल्फिया आणि पुन्हा एका गोलाचा फरक : १३-१२. दहा सामने, दहा विजय. लीगच्या इतिहासात पूर्ण हंगाम अपराजित राहिलेला दुसरा संघ नाही. १९९२ ते १९९४ या काळात सलग २२ विजयांचा विक्रमही त्यांचाच.

आकडे एवढेच, आणि ते छोटे आहेत. आपल्याला आयपीएलच्या हंगामाची सवय. इथे आठ सामने म्हणजे जानेवारीपासून वसंतापर्यंत विखुरलेल्या आठ रात्री. मधल्या दिवसांत हे खेळाडू काय करत होते? नोकरी. सामन्यामागे मिळणारे मानधन घर चालवण्यापुरते नव्हते. टव्हारेस ओंटारिओत शाळेत गणित शिकवत. सोमवारी फळ्यावर समीकरण, शनिवारी सोळा हजार लोकांपुढे सामना. असे करत ते २४ हंगाम एकाच संघाकडून खेळले आणि २०१५मध्ये थांबले तेव्हा नियमित हंगामांत त्यांच्या नावावर ८१५ गोल होते. पुढे ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली बफेलोने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. आता हंगाम १८ सामन्यांचा झाला आहे, तरी सामने मुख्यतः शनिवार-रविवारच्या आसपासच असतात आणि बहुतेकांची दुसरी नोकरी सुटलेली नाही.

हे वाचताना मला आमची तालीम आठवली. आमचा नायक वीज मंडळात होता, लेखक शिक्षक होता. प्रयोगाच्या रात्री कोणी पाहिले असते तर ‘हौशी’ कोण आणि ‘व्यावसायिक’ कोण, हे सांगता आले नसते. बँडिट्सच्या खेळाडूंना लीग व्यावसायिक म्हणत होती, कारण त्यांना पैसे मिळत होते. जगण्याच्या हिशेबाने ते आमच्यासारखेच हौशी होते. आणि १८८०मधील मोहॉक खेळाडूंचाही हिशेब तोच होता : खाडा पडलेल्या दिवसाची भरपाई. ज्या कारणासाठी त्या माणसांना बाहेर काढले, तेच कारण शंभर वर्षांनी तिकिटावर अभिमानाने छापले गेले. शब्द तोच राहिला. तो कोणाला लावायचा हे ठरवणारे हात बदलले.

म्हणून मला १९९३चा हंगाम केवळ अपराजित म्हणून महत्त्वाचा वाटत नाही. टस्करोरांचे दोन भाऊ व्यावसायिक संघात उघडपणे, स्वतःच्या नावाने खेळले आणि जिंकले. रिच किलगूर १८ हंगाम बँडिट्समध्ये राहिले आणि संघाचे कर्णधार झाले. डॅरिस पुढे प्रशिक्षक झाले आणि २००८चे अजिंक्यपद त्यांच्या कारकिर्दीत आले. पिसे घालून उभे राहण्याची अट आता कोणी घातली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. १९८३मध्ये हौडेनोशोनींनी स्वतःचा राष्ट्रीय संघ उभारला. जागतिक लॅक्रॉस संघटनेने त्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून स्थान दिले. २००३ ते २०१९ या काळातील पाचही बंदिस्त विश्वस्पर्धांत हा संघ अंतिम फेरीत पोचला. २०१०मध्ये मँचेस्टरच्या मैदानी विश्वस्पर्धेसाठी मात्र त्यांना जाताच आले नाही, कारण त्यांनी स्वतःच्या राष्ट्राचे पारपत्र दाखवले आणि ब्रिटनने ते मानले नाही. अमेरिकेचे पारपत्र घ्या, असा सल्ला मिळाला. त्यांनी तो नाकारला आणि न खेळता परतले.

आता २०२८. लॉस एंजेलिसला सहा-सहा खेळाडूंचा, ३० सेकंदांच्या मर्यादेचा खेळ होणार आहे. खेळायचा मोकळ्या मैदानावर, पण चालीने तो बंदिस्त खेळाच्या जवळचा आहे. हौडेनोशोनींची मागणी आहे की आपल्या ध्वजाखाली खेळू द्यावे. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी त्या मागणीला पाठिंबा दिला. ऑलिंपिक समितीचे म्हणणे असे की प्रवेश मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनाच आहे. हौडेनोशोनी खेळाडूंनी अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून यावे. १९०४च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या संघाने कांस्यपदक मिळवले होते, ते कॅनडाच्या खात्यावर लिहिले गेले. तोच प्रस्ताव सव्वाशे वर्षांनी पुन्हा समोर आहे.

१८८०मध्ये दार बंद करणारा शब्द ‘हौशी’ होता. आज तो ‘राष्ट्र’ आहे. दोन्ही शब्द मुळात चांगले. दोन्हींची व्याख्या दाराच्या आतल्या माणसांनी केली.

माझ्या वहीतल्या कात्रणात क्रिकेटचा मथळा अजून ठळक आहे. त्याच्या शेपटातल्या चौथ्या नावाखाली मी पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे. २०२८च्या उन्हाळ्यात आपण क्रिकेटचे सामने पाहायला बसूच. त्याच पंधरवड्यात लॅक्रॉसच्या संघांचे संचलन दिसले, तर कोणता ध्वज तिथे नाही, हे पाहावे.