तर्री ग्राहकाच्या मर्जीची, बर्फ तुमच्या जबाबदारीचा

खाण्यापिण्याचा धंदा सुरू करणारे एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, लोक तर रस्त्यावरचं सगळंच खातात. मग चांगल्या बर्फाचा, चांगल्या तेलाचा खर्च आपण कशाला करायचा?"

प्रश्न रास्त आहे. यवतमाळात मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, तेव्हा रसवंतीवर उभा असलेला माणूस सर्टिफिकेट मागत नाही. त्याला थंड पाहिजे, आत्ता पाहिजे. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर "भाऊ, तर्री अजून टाका" म्हणणाऱ्याला दुपारी जळजळ होणार हे पक्कं माहीत असतं. तरी तो खातो, आणि त्यात काही वेडेपणा नाही. थोडा त्रास, भरपूर मजा, असा तो सौदा आहे. रोज आपण सगळेच असे सौदे करतो.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि धंदा तिच्यावरच टिकतो. 1969 मध्ये चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने धोक्यांचा हिशोब मांडला. त्याचा अंदाज असा, की माणूस स्वतःहून घेतलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजार पट जास्त चालवून घेतो. आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, पण मुद्दा आपल्या ठेल्यावर रोज दिसतो. तर्रीचं तिखट ग्राहकाने स्वतः मागितलेलं असतं. रसातला खराब बर्फ त्याने मागितलेला नसतो. तिखटाने पोट बिघडलं तर तो स्वतःवर हसतो, उद्या परत येतो. पाण्यातून कावीळ किंवा टायफॉईड झाला तर तो येत नाहीच, वर अख्ख्या मोहल्ल्याला सांगतो.

बर्फाचंच घ्या. बर्फ केला म्हणजे जंतू मेले, हा मोठा गैरसमज आहे. गोठून बरेच जंतू टिकून राहतात आणि ग्लासात बर्फ वितळला की मोकळे होतात. म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकणं बंधनकारक केलं. पांढरा खाण्याचा, निळा फक्त माल थंड ठेवण्याचा. निळी लादी स्वस्त पडते म्हणून मोह होतो. पण हिशोब करून बघा. समजा, रोज 150 ग्लास विकता आणि चांगल्या बर्फाला 300 रुपये जास्त लागतात. म्हणजे ग्लासामागे 2 रुपये. तेवढा भाव वाढवा आणि पांढरी लादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ग्राहक कुरकुर करेल, पण पिईल.

आलुबोंड्याच्या तेलाचंही तेच. वारंवार तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांना 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा आहे. ठेल्यावर मोजायचं यंत्र नसतं, मान्य. पण तेल काळं पडलं, फेस धरला, लवकर धुरावलं, तर ते बदला.

आता थोडं कडू बोलतो. "सर, पानठेल्यात खर्रा ठेवला तर गल्ला बसल्या जागी भरतो," असं काही जण म्हणतात. खर्रा हा तर्रीसारखा सौदा नाही. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं. खर्ऱ्यात तर दोन्ही आहेत. एका पुडीने काही होत नाही, म्हणून धोका छोटा वाटतो. पण दिवसाला पाच पुड्या, दहा वर्षं, आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. शिवाय सवय लागल्यावर "स्वतःच्या मर्जीने" हा शब्द कितीसा खरा उरतो? गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहेच. मी कोणालाही पानठेल्याचा प्लॅन करून देताना खर्ऱ्याची कमाई त्यात धरत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी या आठवड्यात एवढं करा. एफएसएसएआयची नोंदणी काढा, 2011 च्या नियमांत छोट्या विक्रेत्यासाठी तिची फी वर्षाला फक्त 100 रुपये ठेवली होती. तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे किती घ्यायची ते ग्राहक ठरवेल. आणि बर्फवाल्याकडे खाण्याच्या बर्फाचं बिल मागा. तो टाळाटाळ करायला लागला, तर दुसरा बर्फवाला शोधा.