रोज व्यायाम, तरी वजनाचा काटा अडकलेलाच? आधी हे चार हिशोब तपासा

सकाळी साडेपाचचा गजर, पाऊण तास भरभर चालणं, दांडी क्वचितच. पहिल्या दोन महिन्यांत तीन-चार किलो वजन उतरतं, ओळखीचे लोक कौतुक करतात. त्यानंतर मात्र काटा जो अडकतो, तो हलायचं नाव घेत नाही. मग 'एवढं चालून काय उपयोग?' असं म्हणत अनेक जण चालणंच सोडून देतात.

खरं तर इथे बदल व्यायामात नाही, आहारात करायची गरज असते. असं का होतं आणि नेमकं काय बदलायचं?

चालण्याने किती कॅलरी खर्च होतात?

७० किलो वजनाची व्यक्ती पाऊण तास भरभर चालली, तर साधारण १५० ते २०० कॅलरी खर्च होतात. परतताना गाडीवर एक वडापाव खाल्ला, तर त्यातून याहून जास्त कॅलरी पोटात जातात.

शिवाय शरीरही काटकसर करतं. टांझानियातील हाडझा जमातीचे लोक शिकार आणि कंदमुळं गोळा करत रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर, हा खर्च शहरी पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. म्हणजे हालचाल वाढली म्हणून एकूण खर्च त्याच प्रमाणात वाढतोच असं नाही.

त्यात वजन उतरलं की शरीराची गरजही कमी होते. ८० किलोच्या शरीराला लागणारी ऊर्जा ७५ किलोच्या शरीराला लागत नाही. जेवण तेवढंच राहिलं, तर वजन एका जागी थांबतं.

आहारात काय तपासायचं?

१. तेलाचा डबा: फोडणीत किती तेल पडतं हे चमच्याने कोणी मोजत नाही. सोपा उपाय म्हणजे महिन्याचा हिशोब. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० मिलिलिटर तेल होतं. त्यातून जवळपास २५० कॅलरी मिळतात. तेलाचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहून ठेवा आणि ते आठवडाभर जास्त पुरवून बघा.

२. चहातली साखर: दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. यातूनच १३० ते १६० कॅलरी जातात. सकाळचं चालणं जवळपास इथेच वजा होतं. वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत ठेवणं फायद्याचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बिस्किटं आणि सरबतातली साखरही धरायची. चमचा अर्ध्यावर आणला, की दोन-तीन आठवड्यांत सवय होते.

३. प्रथिनं: आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा सुमारे ५४ ग्रॅम होतो. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. म्हणून मटकी-मुगाची उसळ, अंडी, मासे, पनीर किंवा दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायूंची झीज कमी होते.

४. पोळी की भाकरी? 'भाकरीने वजन वाढत नाही' हा गैरसमज आहे. तेवढ्याच पिठाच्या पोळीत आणि ज्वारीच्या भाकरीत कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरी जरूर खा, पण मोजून. आधी ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरा, मग पोळी, भाकरी किंवा भात वाढून घ्या.

'डाएट' पाकिटांचं काय?

अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांवर प्रयोग केला. त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद खाण्याच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्यामुळे 'डाएट चिवडा' लिहिलेल्या पाकिटापेक्षा घरचे फुटाणे बरे, तेही मूठभरच.

फक्त काट्यावर विसंबू नका

महिन्यातून एकदा कंबरेचं मापही घ्या. भारतीयांमध्ये पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि महिलांसाठी ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर धोक्याचा मानला जातो. काटा स्थिर असला तरी घेर कमी होत असेल, तर गाडी रुळावर आहे.

उपाशी राहणं किंवा एकदम भात बंद करणं फार दिवस टिकत नाही. वरच्या चारपैकी एकच बदल निवडून महिनाभर पाळा, मग दुसरा. तरीही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, पीसीओएस किंवा काही औषधांमुळेही वजन अडकू शकतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आहार बदलण्याआधीच त्यांचा सल्ला घ्या.

आणि तोवर चालणं थांबवू नका. वजन हललं नाही तरी रक्तदाब, रक्तातली साखर आणि झोप यांना त्याचा फायदा होतच असतो.