गरी, पाग आणि रापण

मे महिना आला की मालवणच्या किनाऱ्यावर मुंबईचे चाकरमानी येतात. घाटावरची पाहुणे मंडळीही येतात. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, तेव्हापासून हे येणे पुष्कळ सोपे झाले आहे. बायकामुले, म्हातारी माणसे, सारे कुटुंब चार दिवस राहते. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो. मग दुसऱ्या दिवशी काय करायचे?

आम्ही सांगतो, मासे धरा. त्यासाठी होडी लागत नाही, यंत्र लागत नाही, फार पैसाही लागत नाही. आजोबा वाळूत बसून गरी धरतील, सून कालवणाचा बेत ठरवील, मुले शंख-शिंपले वेचतील. मासा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी बाजारात मिळतोच. मात्र समुद्राची ओळख करून घेतल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये. ती ओळख करून देण्यासाठी हा धडा आहे.

आधी हे पाहू, की एवढा मोठा समुद्र सोडून मासा किनाऱ्याशी येतो कशाला? पोटासाठी येतो, दुसरे काय! लाट फुटते तेव्हा खालची वाळू ढवळून निघते. त्या वाळूत बारीक किडे, लहान कुर्ल्या आणि शिंपल्यांतले जीव असतात. ते उघडे पडतात आणि मासा त्यांना टिपायला येतो. तुम्ही ओहोटीच्या वेळी किनारा नीट पाहा. पाण्यात थोड्या अंतरावर वाळूचा लांब उंचवटा दिसेल. तो उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट चर असते. भरतीचे पाणी चढू लागले की मासे त्या चरीत शिरतात. म्हणजे मासा फार लांब नसतो. नवीन माणूस जोर करून गरी लांब फेकतो आणि मासा मात्र त्याच्या पुढ्यातच फिरत असतो!

तेव्हा भरतीची वेळ कळली पाहिजे. आमच्या कोकणात याचा एक जुना हिशेब आहे. शाळेत आम्ही पाऊणकीचा पाढा शिकवायचो तेव्हा हेच उदाहरण घालायचो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तितक्या वाजता अदमासे पूर्ण भरती असते. आज चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सकाळी सव्वाआठला भरती झाली, तर सुमारे सहा तासांनी, दोनाच्या पुढे पूर्ण ओहोटी. आणि रात्री साडेआठच्या सुमाराला पुन्हा भरती. रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. ठिकाणाप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, पण कामापुरता हा हिशेब चालतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलते. त्याला भांग म्हणतात. घरात कालनिर्णय टांगलेले असेल तर तिथी त्यात आहेच. आजीला विचारा, तिला ती न बघताही ठाऊक असते.

भरती चढत असावी आणि वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची असावी. ही वेळ सर्वांत चांगली. भर दुपारी उन्हात बसू नये. मासाही मिळत नाही आणि डोके मात्र दुखते.

आता गरीविषयी. गरी म्हणजे गळ. गरीने मासे धरणे याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. त्यासाठी तंगूस, गरी आणि शिशाचा तुकडा एवढेच सामान लागते. तंगूस एखाद्या रिकाम्या बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ठेवावा. टोकाला शिसे बांधावे आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी बांधावी. आमिष म्हणून सुंगटाचा तुकडा लावावा. सुंगट म्हणजे कोळंबी. बांगड्याचा तुकडाही चालतो. शिसे गोल फिरवून पाण्यात सोडावे. मात्र फिरवताना मागे कोण उभे आहे ते आधी पाहावे. गरी माशाला लागते तशी माणसाच्या कानालाही लागते. हल्ली तरुण मुले फिरकीच्या काठ्या आणतात. त्या चांगल्या असतात, पण महाग असतात. आमच्या पाहण्यात तरी बाटलीवाल्या म्हाताऱ्याची पिशवी काठीवाल्याच्या पिशवीपेक्षा क्वचितच हलकी असते.

गरी टाकली की तंगूस बोटावर ठेवून बसावे. लाट ओढते तो ओढा संथ असतो. मासा टोचतो तेव्हा बारीक झटका बसतो. हा फरक एका सकाळीत समजतो. वाळूच्या किनाऱ्याला मुडदुशी मिळते. ती बोटासारखी लांबट, चवीला गोड आणि आजाऱ्यालाही चालणारी. खाडीच्या तोंडाशी शेवटे आणि तांबोशी मिळतात. खडकांत गोबरा असतो. पण खडकांवर शेवाळ असते, म्हणून लहान मुलांना तेथे नेऊ नये.

तीन माशांची नावे लक्षात ठेवा. पहिला शिंगाळा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. ते लागले तर फार ठणकतात. म्हणून त्याला उघड्या हाताने धरू नये. दुसरा पाकट. तो ताटलीसारखा चपटा असतो आणि उथळ पाण्यात वाळूखाली लपून राहतो. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे तो आधीच पळून जातो. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावी. त्याने ठणका कमी होतो. मग डॉक्टरकडे जावे. तिसरा केंड. बाहेर काढला की तो पोट फुगवून चेंडूसारखा होतो. मुलांना गंमत वाटते. पण त्याच्या अंगात जबर विष असते आणि ते शिजवूनही जात नाही. त्याला परत पाण्यात सोडावे. घरी नेऊ नये, मांजरालाही घालू नये.

पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. फेकले की ते छत्रीसारखे उघडते आणि पाण्यावर पसरून खाली बसते. पाहायला सोपे, करायला कठीण. पाहुण्याने पाग फेकला तर बहुधा त्याचा गोळाच पाण्यात पडतो. तेव्हा पागणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहावे, हेच बरे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती जरा सावकाश वाचा. १५ एप्रिल २०१७ या दिवशी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण बुडून मेले. तरुण, धडधाकट माणसे! दिवस उन्हाळ्याचा होता, पावसाळ्याचा नव्हता. असे का होते?

लाटांबरोबर पाणी किनाऱ्यावर येते. ते सारे परत समुद्रात जायला हवे. ते सगळीकडून सारखे जात नाही. वाळूच्या उंचवट्यात एखादी वाट फुटलेली असते, तिच्यातून ते जोराने परत जाते. त्या ठिकाणी लाटा कमी फुटतात. पाणी शांत आणि जरा काळसर दिसते. नवीन माणसाला वाटते, येथे लाटा नाहीत, हीच जागा बरी. आणि तो नेमका तेथेच उतरतो. पायाखालची वाळू सरकते आणि पाणी त्याला आत ओढू लागते. घाबरून तो सरळ किनाऱ्याकडे पोहतो, म्हणजे ओढ्याच्या उलट पोहतो. दमतो आणि बुडतो. अशा वेळी किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. अंग पाण्यावर तरंगत ठेवावे आणि बाजूला, किनाऱ्याला धरून, आडवे सरकावे. हा ओढा रुंदीने फार नसतो. त्यातून बाहेर पडले की लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. दुसऱ्याला वाचवायला मोकळ्या हाताने कोणी उडी घेऊ नये. दोरी, रिकामा डबा, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे आणि कोळ्यांना हाक मारावी.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. जागा सुंदर आहे, पण ओहोटीला नदीचे सारे पाणी त्या मुखातून बाहेर धावते. तेव्हा तेथे गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये. गरी टाकायला गुडघाभर पाणी पुरते.

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, आणि चोहोंकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाजवळचा खडकाळ समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथे पाण्याखाली प्रवाळ आहे. म्हणून तटाखाली बसून गरी टाकायची असेल तर बंदरावर आधी विचारावे. पाहुण्याला तारकर्लीची वाळू मोकळी आहे, ती पुरे.

राहिली रापण. आमच्या मते, मालवणला येऊन रापण न पाहता परत जाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे आहे.

रापण हे फार लांब जाळे असते. पहाटे एक जाणता माणूस पाण्याकडे डोळे लावून बसतो. पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून, माशांचा थवा कोठे आहे हे तो ओळखतो. मग होडी निघते. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर असते. होडी जाळे सोडत सोडत थव्याला अर्धगोल वळसा घालते आणि दुसरे टोक घेऊन थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि ओढू लागतात. तीस-चाळीस माणसे, कधी अधिकही. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींजवळ येतात. जाळ्याचा घेर लहान होतो. मधल्या झोळीत मासळी गोळा होते आणि पाणी चांदीसारखे उसळू लागते. तारली, पेडवे, बांगडे, नशीब असेल तर एखादी इसवण. आपण उभे असलो तर हाक येते, "येवा, दोरीक हात लावा!" खुशाल लावावा. मुले दोऱ्यांच्या मध्ये शिरतात, त्यांना मात्र आवरावे.

पूर्वी जाळे सुताचे-तागाचे आणि दोर काथ्याचे असत. रोज वाळवावे लागत. आता नायलॉन आले. पण ओढायला माणसेच लागतात. रापण एकट्या धन्याची नसते, गटाची असते. मासळी किनाऱ्यावरच विकतात आणि पैशाचे वाटे करतात. जाळ्याचे आणि होडीचे काही वाटे, ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक वाटा. रीत वाड्यावाड्यांत थोडी वेगळी असते. हिशेब करून पाहू. समजा, १२,००० रुपयांची मासळी विकली. ओढणारे ४० आणि जाळे-होडीचे वाटे २०. एकूण वाटे ६०. मग प्रत्येक वाट्याला २०० रुपये आले. पण त्याच रापणीला ३,००० रुपयांचीच मासळी मिळाली तर? वाटा ५० रुपये. माणसे तितकीच, घाम तितकाच. दोन दिवस असा वाटा आला की तिसऱ्या दिवशी तरुण पोरगा दोर सोडून हॉटेलात कामाला जातो. दोर ओढायला माणसे कमी पडली की रापण बंद पडते.

मासळी कमी का झाली? रापणकरांचे म्हणणे असे, की मोठी यंत्राची जाळी ती बाहेरच उचलून नेतात. पर्ससीन नावाचे जाळे अख्ख्या थव्याला वेढते आणि खालून बटव्याच्या तोंडासारखे आवळले जाते. थवा किनाऱ्याला पोचतच नाही. रात्री प्रखर दिवे लावूनही मासे गोळा करतात. यावर कायदे झाले आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. २०१७ साली केंद्र सरकारने दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यातले दंड वाढवले. मालवणच्या मच्छीमारांनी यासाठी मोर्चे काढले, समुद्रात भांडणेही झाली. कायदा कागदावर आला, पण अंधारात आलेली बोट पकडायला गस्तीची नौका वेळेवर हवी, हे तेथला कोणीही सांगेल.

यंत्राच्या बोटींना अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. पाहुण्यांनीही जून-जुलैत गरी घेऊन किनाऱ्यावर येऊ नये. समुद्र खवळलेला असतो.

कधी कधी रापणीत कासव सापडते. रापणकर ते सोडून देतात. पुष्कळ जण त्याला देव मानतात आणि कायद्यानेही त्याला धरायला बंदी आहे. अशा प्राण्याला सोडताना जाळे कापावे लागले तर २०१८ च्या अखेरीपासून सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कापलेल्या जाळ्याचा आणि सोडलेल्या प्राण्याचा फोटो मात्र काढून ठेवावा लागतो.

दोर ओढलेल्या पाहुण्याला रापणकर बहुधा मूठभर तारल्या देतात. त्या नाकारू नयेत. पण कालवणाला मासळी हवी असेल तर ती तेथेच, किनाऱ्यावर, पैसे देऊन घ्यावी. मासे विकणाऱ्या बायका भाव सांगतील, त्यात थोडी घासाघीस चालते. तारली लवकर नासते, म्हणून सकाळची मासळी दुपारच्या आत चुलीवर चढवावी. ओले खोबरे, चार आमसुले आणि ठेचलेली तिरफळे घालावीत. तिरफळ चावायचे नसते, हे घाटावरच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.