अर्बुदाची नोंद : मूलस्थानाचा प्रश्न

घोडेगाव परिसरात मानेवर गाठ आलेला रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडेच येतो. त्यास अहिल्यानगर वा पुण्यास पाठविताना संदर्भपत्रात केवळ ‘ग्रीवागत अर्बुद’ एवढेच लिहिले, तर रुग्णालयाच्या कर्करोग नोंदणी कक्षास त्याचा फारसा उपयोग होत नाही.

रोग जेथे दिसला ते स्थान नव्हे, तर जेथे उत्पन्न झाला ते मूलस्थान नोंदवावे, हे या नोंदणीचे पहिले सूत्र होय. जिभेचा कर्करोग मानेच्या लसीकाग्रंथीत पसरला, तरी नोंद जिभेचीच (सी ०२) होते. ग्रंथीची (सी ७७) नव्हे. मूलस्थान सापडलेच नाही, तर सी ८०. पेशीस्वरूपाचा अंक निराळा असतो. त्यात तिरप्या रेषेनंतर ० म्हणजे सौम्य, २ म्हणजे स्थानबद्ध व ३ म्हणजे आक्रमक.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वातज, पित्तज, कफज, रक्तज, मांसज व मेदोज असे सहा अर्बुदप्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरण दोषदूष्यांचे आहे. त्याचे संकेतांकांत रूपांतर करण्याचा मोह आम्हांस अनाठायी वाटतो. तथापि पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणारे अध्यर्बुद आणि एकाच वेळी वा क्रमाने होणारे द्विरर्बुद हा भेद त्यांनी केला, हे लक्षणीय आहे. दुसरी गाठ दिसताच नोंदणी कक्षापुढेही असाच प्रश्न उभा राहतो : हा पहिल्याच रोगाचा प्रसार, की स्वतंत्र दुसरा रोग? स्वतंत्र असेल तरच नवी नोंद होते.

१९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात बार्शी, परांडा व भूम तालुक्यांसाठी ग्रामीण नोंदणी सुरू झाली. गावोगाव लक्षणांची माहिती दिल्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, हे तेथील नोंदींवरूनच कळले.

म्हणून संदर्भपत्रात गाठीचे नेमके स्थान व बाजू, पहिल्या लक्षणाचा काळ, तंबाखूचे व्यसन आणि पूर्वीचे परीक्षण-अहवाल लिहावेत. ऊसतोडीस आलेल्या रुग्णाचा कारखान्यावरील पत्ता पुरेसा नाही. मूळ गाव अवश्य विचारावे, कारण नोंद नेहमीच्या वास्तव्यानुसार होते. संशयित गाठीवर ऊतीपरीक्षणापूर्वी क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये. ऊती नष्ट झाली, तर मूलस्थान ठरविणे कठीण होतेच, शिवाय रुग्णाचा चिकित्साकालही वाया जातो.